'ग्ल'च्या चाळीतली बिऱ्हाडं

इंग्रजी शब्दकोशात 'जी-एल'नं सुरू होणारी पानं काढली की डोळे दिपतात. ग्लो, ग्लीम, ग्लिंट, ग्लिटर, ग्लिमर, ग्लॉस, सगळे उजेडाचे सोयरे. ग्लान्स आणि ग्लिम्प्सपाशी आलो की उजेडावरून नजरेवर येतो, आणि ग्लेअर तर दोन्हींकडचा: झळाळीही तोच आणि रागानं रोखून बघणंही तोच. पुढे 'एस-एन'कडे वळलं की नाक सुरू होतं. स्नाउट म्हणजे जनावराचं नाकाड, स्नोअर घोरणं, स्निफ हुंगणं, स्नॉर्ट फुरफुरणं, स्निव्हल नाक ओढत मुळूमुळू रडणं. स्नॉटचा अर्थ शेंबूड. तुच्छतेनं नाक मुरडणं हा स्निअर.

हा योगायोग म्हणावा, की आवाजातच अर्थ दडलेला असतो? माझ्या मते दोन्ही नाही. खरी गोष्ट या दोहोंपेक्षा जास्त रंगतदार आहे.

या गटांची पहिली पद्धतशीर यादी केली ती जॉन वॉलिस यांनी. ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक. अनंताचं आडव्या आठासारखं चिन्ह गणितात आणलं तेही यांनीच, 1655 मध्ये. त्याआधी दोन वर्षं त्यांनी इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. त्यात ते सांगतात की 'एस-टी-आर' म्हणजे जोर (स्ट्राँग, स्ट्राइक, स्ट्रगल, स्ट्रेच), 'सी-एल' म्हणजे चिकटणं (क्लिंग, क्लास्प, क्ले) आणि 'डब्ल्यू-आर' म्हणजे पीळ किंवा वाकडेपणा. हा शेवटचा गट मला फार आवडतो. कपडे पिळण्याचा रिंग (अंगठीचा नव्हे), फिरतं मनगट ते रिस्ट, पाना तो रेंच, सुरकुती ती रिंकल, कुस्तीचा रेसल, आणि वाकडं ते सगळं राँग. उच्चारातला डब्ल्यू केव्हाच गळाला, पण स्पेलिंगात ठाण मांडून आहे.

वॉलिस इथवर थांबते तर बरं होतं. 'स्पार्कल' या एका शब्दाचे त्यांनी चार तुकडे केले: सुरुवातीला उधळण, मग तडतड, मग 'के'पाशी अचानक खंड आणि शेवटी 'एल'मुळे पुन्हापुन्हा घडणं. यादवी युद्धात पार्लमेंटसाठी सांकेतिक पत्रं फोडणाऱ्या माणसाला अक्षराअक्षरात गुपित दिसावं, यात नवल नाही. पुढे 1755 च्या आपल्या कोशाला व्याकरण जोडताना सॅम्युएल जॉन्सन यांनी वॉलिस यांचं हे विवेचन सविस्तर उतरवून घेतलं आणि वर शेराही मारला, की यात चतुराई पुष्कळ, भक्कमपणा कमी.

विसाव्या शतकातल्या व्याकरणकारांची अडचण निराळी होती. 1933 मध्ये लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी हे गट नव्यानं मांडले. 'एफ-एल' हा हलता उजेड (फ्लॅश, फ्लेम, फ्लिकर) आणि 'जी-एल' हा स्थिर उजेड, असा बारकावाही टिपला. पण 'ग्लो'मधला 'ग्ल' काढला तर उरलेल्या 'ओ'चा अर्थ काय? काहीच नाही. 'अनफेअर'मधला 'अन' जसा सुटा करता येतो, तसा हा 'ग्ल' होत नाही. नियमात बसेना आणि नाकारताही येईना. अशा तुकड्यांना 'फोनेस्थीम' हे नाव जे. आर. फर्थ यांनी 1930 मध्येच देऊन ठेवलं होतं. 1919 ते 1928 हे गृहस्थ लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. अर्थ आवाजाच्या अंगचा नसतो, एकमेकांच्या सहवासानं आणि सवयीनं तो चिकटतो, असा त्यांचा रोख होता. मला तोच पटतो, कारण शब्दांची कुळं तपासली की तेच दिसतं.

'ग्ल' ही एक जुनी चाळ समजा. ग्लो, ग्लीम ही मूळ मालकांची घरं. त्यांचं कुळ चकाकी आणि पिवळ्या-हिरव्या रंगाच्या एका प्राचीन धातूपर्यंत नेतात. गोल्ड आणि यलो त्याच वंशातले, आणि आपल्याकडचे हिरण्य, हरित व हरिद्राही. म्हणजे स्वयंपाकघरातली हळद आणि 'ग्लो' हे दूरचे का होईना, भाऊबंद. पण ग्लोरी लॅटिनमधून आली. ग्लान्स जुन्या फ्रेंचमधल्या 'घसरणे' अर्थाच्या शब्दावरून आला. तलवारीचा निसटता वार म्हणजे ग्लान्स, नजर त्याला नंतर चिकटली. ग्लॅमरची कहाणी तर अफलातून. हा शब्द म्हणजे स्कॉटलंडमध्ये बिघडलेला 'ग्रामर'. ज्याला व्याकरण येतं त्याला जादूटोणाही येत असणार, अशी लोकांची समजूत. त्यामुळे नसलेलं दिसायला लावणारी नजरबंदी ती ग्लॅमर. वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनानं तो सर्वदूर गेला आणि 'ग्ल'च्या शेजारात राहून चकाकायला लागला. आता त्यात कॅम्पिंग मिसळून 'ग्लॅम्पिंग' झालंय, आणि पवना धरणाच्या काठावर तंबूत एसी लावून लोक ते करतात. व्याकरणाची इतकी चैन दुसरीकडे कुठे झाली नसेल.

'स्न'कडे असाच एक आश्रित आहे, तो म्हणजे स्नीझ. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द 'एफ-एन'नं सुरू होई. चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधला तर्र झालेला आचारी 'एफ-एन'वाल्याच क्रियापदानं फुरफुरतो. पुढे 'फ्न' ही सुरुवातच भाषेतून उठली. त्या काळच्या लिपीत लांब 'एस' हुबेहूब 'एफ'सारखा दिसे, मधली आडवी रेघ तेवढी अर्धवट. वाचणाऱ्यांनी 'एफ'चा 'एस' केला असावा, असं कोशकार मानतात. पण ही चूक टिकली का? कारण स्नोअर, स्नॉर्ट, स्नाउट आधीच तिथे नाक लावून बसले होते. स्नॉब मात्र नाक वर करून चालत असला, तरी मूळचा जोडे शिवणारा कारागीर. नाकाशी त्याचा संबंध नाही.

'स्ल'बद्दल फार बोलायला नको. स्लाइम, स्लज, स्लश, स्लग, स्लाय, स्लँडर: ओलं, बुळबुळीत आणि बहुतेक बदनाम. स्लीप तेवढी त्यात निष्पाप झोपली आहे.

हे सगळं कोशात शोभतं, पण बोलणाऱ्याच्या डोक्यात असतं का? बेंजामिन बर्गन यांचा 2004 मध्ये 'लँग्वेज' या नियतकालिकात आलेला प्रयोग यासाठी महत्त्वाचा. पडद्यावर एक शब्द क्षणभर चमकवायचा, मग दुसरा दाखवायचा, आणि हा खरा शब्द आहे की नाही ते सांगायला लावायचं. 'ग्लिटर'नंतर 'ग्लो' आला की लोक झटकन ओळखत. नुसता अर्थ जुळणाऱ्या किंवा नुसता आवाज जुळणाऱ्या जोड्यांना ही गती नव्हती. 'क्रोनी' आणि 'क्रुक' या जोडीत सुरुवातही सारखी, अर्थही जवळचा. पण भाषेत तसा गट रुळलेला नसल्यानं तिलाही ती मिळाली नाही. त्यांनी तपासलेल्या शब्दसंग्रहात 'ग्ल'चे सुमारे 39 टक्के शब्द उजेडाचे किंवा नजरेचे निघाले. बाकीच्यांत ग्लोव्ह आणि ग्लू आहेतच. चाळीत सगळेच एका गावचे नसतात.

आपल्याकडे हा वाद यास्काच्या निरुक्तात आहे. काक हा शब्द आवाजाच्या अनुकरणातून आला, पाखरांच्या नावांत असं पुष्कळदा होतं, असं यास्क म्हणतो. असं अनुकरण नसतंच, हे औपमन्यवाचं मत तो तिथेच नोंदवतो. मराठीत मात्र शब्दाच्या सुरुवातीचे असे गट कुणी नेटानं शोधल्याचं माझ्या वाचनात नाही. 'चि'पासून सुरुवात करायला हरकत नाही: चिकट, चीक, चिखल, चिघळणे, चिवट, चिकाटी, चिक्की, आणि पैसा हातून न सुटणारे चिक्कू नि चिंगूस. चिमणी आणि चिठ्ठी सरळ बाहेर काढता येतात. चिंचेला मात्र आत ठेवायचं की बाहेर, यावर माझं आणि घरातल्या मंडळींचं अजून एकमत झालेलं नाही.