मधपेटीतली अमृतधारा

कापूर, ओव्याचे फूल आणि पुदिन्याचे फूल एकत्र केले की अमृतधारा होते, हे आजीला विचारायची गरज नाही. हेच तिन्ही पदार्थ, जोडीला निलगिरीच्या तेलातले युकॅलिप्टॉल, असे मिश्रण भिनवलेल्या वड्या इटलीत बनल्या आणि मधमाश्यांच्या अंगावर जगणाऱ्या व्हरोआ कोळ्यावर औषध म्हणून मधपेट्यांत गेल्या. ओव्याचे फूल म्हणजेच थायमॉल. त्या वड्यांत तीनचतुर्थांश वाटा त्याचाच.

हा कोळी आशियातला. जावा बेटावर सापडलेल्या नमुन्यांवरून १९०४ मध्ये त्याची नोंद झाली. आपली सातेरी मधमाशी ज्या जातीची, त्या जातीशी त्याचे जुने जमलेले आहे: माश्या एकमेकींच्या अंगावरून त्याला झटकतात आणि त्याची वीण मुख्यतः नरांच्या घरांत होते. युरोपीय मेलिफेरा माशीला ही युक्ती येत नव्हती. विसाव्या शतकात कोळी तिच्यावर गेला आणि १९८७ पर्यंत अमेरिकेत पोचला. हा विध्वंसक कोळी मूळ नोंदीतल्याहून वेगळ्या जातीचा आहे, हे २००० मध्ये स्पष्ट झाले.

आधी रासायनिक पट्ट्यांचा बोलबाला झाला. त्यांतल्या फ्लुव्हॅलिनेटने कोळी पटापट मरत, पण नव्वदीच्या दशकात त्यांनी ते पचवले. मग मधपाळ वनस्पतींकडे वळले. तसे माशीच्या श्वासनलिकेतल्या दुसऱ्या एका कोळ्यावर अमेरिकेत ऐंशीच्या दशकातच मेंथॉलचे, म्हणजे पुदिन्याच्या फुलाचे, खडे पेटीत ठेवले जात होते.

थायमॉलचे काम वाफेवर चालते, आणि सगळी मेख तिथेच आहे. प्रचलित जेलच्या ५० ग्रॅमच्या ताटलीत साडेबारा ग्रॅम थायमॉल असते; ती पिलावा कोठीतल्या चौकट्यांवर ठेवायची आणि सुमारे दोन आठवड्यांनी दुसरी द्यायची. हवा १५ अंशांखाली असेल तर वाफ धरत नाही. फार उकाडा असेल तर वाफ एकदम सुटते आणि माश्या पेटीबाहेर लोंबकळतात. बंद घरांतल्या कोळ्यांपर्यंत ती पोचतच नाही, म्हणून उपचार आठवडेच्या आठवडे चालतो. मधकोठी चढवलेली असताना दिले, तर मधालाही ओव्याचा वास लागतो.

वनस्पतीचे म्हणून निर्धोक, हा समज कडुनिंबाने खोटा ठरवला. कॅनडातल्या चाचण्यांत त्याच्या तेलाच्या फवाऱ्याने कोळी मेले, पण पिलावा आणि राण्याही गेल्या. तरी ‘नैसर्गिक’ शब्दावर भुलणारे आजही कमी नाहीत.

आणि काही रोगांपुढे ओवाही हात टेकतो. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती संपवल्या. अळी पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी होऊन मरायची. या विषाणूवर अजून खात्रीचे औषध नाही. साथीत तगलेल्या वसाहतींपासूनच पुढची पैदास करावी लागते. म्हणून पेटीत ओवा, हळद, लसूण काहीही ठेवण्याआधी रोग कोळ्याचा की विषाणूचा, हे तपासून घ्या.