खटला नाही, तारीख नाही, तरी कैद!

मेरठ कट खटला सगळ्यांना पाठ असतो. त्याच्या पुढचं प्रकरण मात्र वहीत सहसा नसतं.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत एक ओळ असतेच : ‘मेरठ कट खटला, 1929’. वडनेर भोलजीत घरी बसून अभ्यास करा, नाहीतर नांदुरा-खामगावच्या अभ्यासिकेत, ही ओळ चुकत नाही. प्रश्न आला, पर्याय निवडला, विषय संपला. पण मित्रांनो, मेरठमध्ये निदान खटला तरी झाला होता. दहा-अकरा वर्षांनी त्याच लोकांपैकी काहींना इंग्रज सरकारनं पुन्हा धरलं, तेव्हा खटल्याची भानगडच ठेवली नाही.

हे लोक होते मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी. आणि त्या गिरण्यांशी आपलं नातं जुनं आहे. जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा 1870 मध्ये आला, तो कापसासाठीच. आपल्या काळ्या वावरातल्या पऱ्हाटीचा कापूस जिनिंग-प्रेसिंगमधून गाठी होऊन मुंबईला जायचा. काही गाठी जहाजात चढायच्या, काही गिरण्यांत उतरायच्या. इथं कापूस वेचणाऱ्या बाईची आणि तिकडं मागावर उभ्या असलेल्या कामगाराची कधी भेट झाली नसेल, पण धागा एकच होता.

सहा महिने गिरण्या बंद

1928 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या बंद होत्या. कमी माणसांकडून जास्त मशिनं चालवून घ्यायची, शिवाय मजुरीही कापायची, असा मालकांचा बेत होता. त्याविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. याच संपात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन जन्मली.

सरकारनं पुढचं वर्ष उजाडताच हालचाल केली. 20 मार्च 1929 रोजी देशभरातून 31 जणांना पकडलं. त्यात श्रीपाद अमृत डांगे, शां. श्री. मिरजकर, स. वि. घाटे, के. एन. जोगळेकर, डॉ. गंगाधर अधिकारी ही मराठी नावं होती. अर्जुन आळवे आणि कासले हे तर प्रत्यक्ष गिरणीत राबलेले कामगार. नंतर आणखी एका इंग्रज पत्रकाराची भर पडली. आरोप काय, तर बादशहाचं हिंदुस्थानवरचं राज्य हिरावून घेण्याचा कट!

पकडलेले बरेच जण मुंबई-कलकत्त्याचे, मग खटला मेरठला का? कारण मुंबई-कलकत्त्यात खटला ज्युरीपुढं चालला असता. मेरठला ज्युरीचा प्रश्न नव्हता.

खटला जवळपास चार वर्षं चालला. बहुतेकांनी ही वर्षं तुरुंगातच काढली. डी. आर. ठेंगडी तर निकालाआधीच वारले. जानेवारी 1933 मध्ये निकाल लागला आणि 27 जण दोषी ठरले. डांगे यांना 12 वर्षांची शिक्षा झाली. मग अपील झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टानं बहुतेक शिक्षा एकदम खाली आणल्या. डांगे यांची 12 वर्षांची 3 वर्षं झाली. आळवे, कासले यांच्यासह नऊ जण निर्दोष सुटले. चार वर्षं गेली ती गेलीच, पण खटला होता म्हणून अपील करता आलं. ‘आम्ही गुन्हा केला नाही’ हे कोर्टाच्या कागदावर आलं.

शिवाय आरोपींनी कोर्टात केलेली निवेदनं वर्तमानपत्रांत छापून येत होती. म्हणजे ज्यांची तोंडं बंद करायची, त्यांनाच सरकारनं व्यासपीठ मिळवून दिलं.

युद्ध आलं, खटला गेला

खटल्याशिवाय कैद हे हत्यार इंग्रजांकडं आधीपासून होतं. मुंबई इलाख्यात 1827 चं पंचविसावं रेग्युलेशन होतं. त्याखाली 1897 मध्ये पुण्याच्या नातू बंधूंना आणि 1930 मध्ये गांधीजींना डांबलं होतं. सप्टेंबर 1939 मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि या हत्याराला नवी धार आली : भारत संरक्षण कायदा आणि त्याखालचे नियम.

2 ऑक्टोबर 1939 रोजी मुंबईच्या हजारो कामगारांनी युद्धाच्या विरोधात एक दिवसाचा संप केला. महागाई वाढत चालली होती. मार्च 1940 मध्ये महागाई भत्त्यासाठी गिरण्या पुन्हा बंद पडल्या, त्या सुमारे 40 दिवस. पुढाऱ्यांची धरपकड झाली. डांगे, घाटे, बी. टी. रणदिवे यांच्यासारख्यांची रवानगी अखेर देवळीच्या छावणीत झाली.

ही आपल्या वर्धा जिल्ह्यातली देवळी नव्हे. ही राजस्थानातली, तेव्हाच्या अजमेर-मेरवाडा प्रांतातली. इथं आरोपपत्र नव्हतं, वकील नव्हता, साक्षीपुरावा नव्हता. जन्मठेपेच्या कैद्यालासुद्धा आपली शिक्षा किती ते माहीत असतं. स्थानबद्धाला तेही माहीत नसतं. सुटायचं कधी? सरकारला वाटेल तेव्हा. मुंबईहून भेटीला जायचं तर गिरणी कामगाराच्या घरच्यांना ते परवडणार कसं? घरी पैसा कुठून येणार?

1941 च्या ऑक्टोबरमध्ये देवळीतल्या कैद्यांनी उपोषण सुरू केलं. जयप्रकाश नारायणही त्यांच्यात होते. मागण्या साध्या होत्या. आपापल्या प्रांतात परत पाठवा, घरच्यांना भत्ता द्या, कैद्यांत वरचा-खालचा वर्ग करू नका. उपोषण महिनाभर चाललं. मध्यवर्ती कायदेमंडळातले कामगारांचे प्रतिनिधी ना. म. जोशी स्वतः देवळीला जाऊन कैद्यांना भेटले आणि त्यांनी हा प्रश्न दिल्लीत मांडला. मुंबईत लोअर परळला ‘ना. म. जोशी मार्ग’ अशी पाटी दिसते ना, तेच हे जोशी. अखेर सरकार नमलं. कैद्यांना त्यांच्या प्रांतांत पाठवण्यात आलं आणि छावणी रिकामी झाली. पण सुटका नाही, फक्त तुरुंग बदलला.

एका शब्दाची लढाई

1943 मध्ये केशव तळपदे नावाच्या स्थानबद्धाचं प्रकरण मुंबईहून फेडरल कोर्टात गेलं. कायदा म्हणत होता, ज्याच्यावर वाजवी संशय आहे त्याला स्थानबद्ध करता येईल. पण त्याखाली केलेला 26 वा नियम म्हणत होता, सरकारची खात्री पटली की पुरे. दिसायला फरक शब्दाचा. पण संशय ‘वाजवी’ आहे की नाही, हे कुणीतरी तपासू शकतं. ‘आमची खात्री पटली’ म्हटल्यावर विचारणार काय? सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर यांच्या कोर्टानं नियम कायद्याबाहेरचा ठरवला.

मग सगळे सुटले? छे! काही दिवसांतच सरकारनं वटहुकूम काढला आणि जुने आदेश मागील तारखेपासून कायदेशीर करून घेतले.

हे फक्त इंग्रजांचं नाही

इथं गोष्ट संपली असती तर परीक्षेपुरती ठीक होती. पण 1962 मध्ये चीनशी युद्ध झालं, तेव्हा स्वतंत्र भारताच्या सरकारनं चिनी वंशाच्या हजारो लोकांना, बायका-मुलांसकट, त्याच देवळीत ठेवलं. खटला तेव्हाही नव्हता. मे 1974 च्या रेल्वे संपात हजारो कामगार पकडले गेले, त्यातल्या अनेकांवर मिसा लावला होता.

राज्यघटनेचं 22 वं कलम आपल्याला अटकेचं कारण समजण्याचा, वकिलाचा आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं राहण्याचा हक्क देतं. तेच कलम पुढं प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला वाट करून देतं. राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली आज 12 महिन्यांपर्यंत ठेवता येतं. मात्र कारणं साधारणपणे पाच दिवसांत सांगावी लागतात, आणि तीन महिन्यांपलीकडं ठेवायचं तर सल्लागार मंडळाचा होकार लागतो. देवळीतल्या कैद्यांना एवढंही नव्हतं.

म्हणून वहीतल्या ‘मेरठ, 1929’ या ओळीखाली ‘देवळी, 1941’ अशी आणखी एक ओळ लिहून ठेवा. कदाचित तिच्यावर मार्क मिळणार नाहीत. पण उद्या तुमच्यापैकी कुणी तहसीलदार होईल, कुणी फौजदार होईल, कुणी वकील होईल. एखाद्याला कोंडण्याचा कागद तुमच्यासमोर येईल, तेव्हा सही करण्याआधी ‘आरोप काय?’ हा प्रश्न विचारायला ती ओळ उपयोगी पडेल.