ट्रंकेतली अर्धी रायफल

हदगावच्या एका वाचकाचं पत्र आहे. आजोबांच्या ट्रंकेत, तेलकट गोणपाटात गुंडाळलेली रायफलची नळी, बोल्ट आणि अर्धवट तासलेला लाकडी दस्ता सापडला. आजोबांना शिकारीसाठी आपल्या मापाची रायफल घडवायची होती, असं घरात सांगतात. भाग लष्करी आहेत. प्रश्न असा, की जुनं पोलाद आजच्यापेक्षा भारी असतं, मग हे काम पूर्ण करता येईल का?

कायद्याचं उत्तर छोटं आहे, ते शेवटी देतो. पोलादाचं उत्तर मात्र लांब आहे आणि मला तेच जास्त आवडतं.

हे भाग तिथे आले कुठून, याच्या गोष्टी त्या भागात पुष्कळ निघतील. 1948 पर्यंत पैनगंगेच्या अलीकडे निजामाचं राज्य होतं आणि पलीकडे उमरखेड मध्यप्रांत-वऱ्हाडात. त्याच वर्षी सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून शस्त्रांनी भरलेली विमानं हैदराबाद संस्थानात उतरवत होता. पण गोष्टी कितीही असोत, आपल्याकडे जुनी लष्करी रायफल म्हटली की बहुधा .303 ली-एनफिल्डच निघते. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं बनली, एनसीसीच्या पोरांनी ती परेडला खांद्यावर वाहिली आणि 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री सीएसटी स्थानकावर आपल्या पोलिसांच्या हातात तीच होती. आजोबांचं काम का थांबलं ते पत्रात नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषयच संपवला, तेही कारण असू शकेल.

जुन्या लष्करी रायफलीचा सांगाडा, म्हणजे नळी आणि बोल्ट ज्यात बसतात तो मधला भाग, घेऊन त्यावर हौसेची रायफल चढवण्याचं वेड दोन्ही महायुद्धांनंतर अमेरिकेत जोरात होतं. शिल्लक शस्त्रं तिथे कवडीमोलाने विकली जात. त्यातला एक किस्सा 1959 मध्ये तिथल्या रायफल संघटनेच्या मासिकात आला. एका गृहस्थाने 6.5 मिलिमीटरची जपानी अरिसाका घेतली आणि नळीचा फक्त मागचा भाग कोरून त्यात जास्त मोठं .30-06 काडतूस बसवलं. नळी होती तशीच ठेवली. म्हणजे 7.8 मिलिमीटरची गोळी साडेसहाच्या नळीतून पिळून बाहेर पडत होती! पठ्ठ्याने तिने हरीणही मारलं. मग दुकानात जाऊन तक्रार केली, की रायफल खांद्याला जरा जास्तच धक्का देते.

अमेरिकन सैनिक या अरिसाकाला टाकाऊ समजत. पी. ओ. ॲक्ले या बंदूक-कारागिराने निरनिराळ्या देशांच्या लष्करी रायफली मुद्दाम जादा दारू भरून फोडून पाहिल्या, तेव्हा शेवटपर्यंत टिकली ती अरिसाकाच. मग जपानी जुनं पोलाद भारी? थांबा. जपानने शाळकरी मुलांच्या कवायतीसाठी अगदी तशाच दिसणाऱ्या रायफली बनवल्या होत्या. त्यांचा सांगाडा साध्या ओतीव लोखंडाचा आणि त्या फक्त आवाज करणाऱ्या, बिनगोळीच्या काडतुसांसाठी. त्यांत खरं काडतूस घातलं तर उडवणाऱ्याचा चेहरा शाबूत राहण्याची खात्री नाही. आकार तोच, रंग तोच. फरक आत.

आतला हा फरक कसा पडतो, याची सगळ्यात बोलकी गोष्ट अमेरिकेच्याच स्प्रिंगफिल्ड कारखान्यात घडली. तिथली 1903 ची रायफल नावाजलेली होती. पण 1917 च्या सुमारास काही रायफलींचे सांगाडे काचेसारखे तडकून फुटू लागले. चौकशी झाली. पोलादाच्या तुकड्यांना घणाखाली आकार देण्याआधी भट्टीत तापवायचं काम जुने, मुरलेले कारागीर करत आणि ‘आता बरोबर तापलं’ हे ते रंगावरून ठरवत. तापलेलं पोलाद साधारण 700 अंशांना गडद लाल, हजाराला नारिंगी, त्यापुढे पिवळं दिसतं, हे कुठल्याही घिसाड्याला ठाऊक असतं. कारागिरांचं कसब खोटं नव्हतं. खोटा होता तो उजेड. जूलियन हॅचर या लष्करी अधिकाऱ्याने नंतर लिहून ठेवलंय, की लख्ख उन्हाच्या दिवशी कारागिराला ‘बरोबर’ वाटणारी धग ढगाळ दिवसापेक्षा 300 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे 165 अंश सेल्सिअसने जास्त भरायची. उजेडात तापलेला लाल रंग फिका दिसतो, म्हणून माणूस आणखी तापवतो. इतकं तापलं की पोलादाचे कण फुगतात, त्यांच्या सीमा जळतात, आणि पुढे कितीही नीट पाणी दिलं तरी ते पोलाद ठिसूळच राहतं. त्या अमुक रायफलीचा सांगाडा घडला तेव्हा बाहेर ऊन होतं की ढग, हे आज कोण सांगणार?

आणि इथे मला माझ्या लाडक्या शास्त्रज्ञाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आंरी ले शातेलिए. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात त्याचं समतोलाचं तत्त्व पाठ करून आपण त्याला विसरून जातो. पण हा मूळचा खाण अभियंता. सिमेंट, खाणीतले वायूचे स्फोट, भट्ट्या असल्या धगीच्या जगात वावरणारा. दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडून जोड तापवला की वीज निर्माण होते, हे झेबेकने 1821 मध्ये दाखवलं होतं. त्यावरून तापमान मोजायचे प्रयत्नही झाले, पण रेन्योसारख्या मोठ्या माणसाने हे भरवशाचं नाही म्हणून ते निकालात काढलं. ले शातेलिएने 1880 च्या दशकात चूक पद्धतीत नाही, तारांत आहे हे ओळखलं. एक तार शुद्ध प्लॅटिनमची आणि दुसरीत 10 टक्के ऱ्होडियम घेतलं, की आकडे स्थिर येतात. ही जोडी आजही ‘टाइप एस’ नावाने भट्ट्यांत वापरली जाते. जगाच्या अधिकृत तापमान-मापनाचा एक पट्टा 1990 पर्यंत तिच्याच आधाराने ठरत होता.

स्प्रिंगफिल्डने भट्ट्यांना तापमापक लावले ते 1918 मध्ये. म्हणजे उपकरण तीस वर्षं जगात होतं आणि तोवर तिथे आठ लाख रायफली डोळ्यांच्या अंदाजाने बनून गेल्या होत्या. त्यांतल्या प्रत्यक्ष फुटल्या काही डझनच. पण कुठल्या फुटतील हे बाहेरून सांगता येईना, म्हणून पुढे दुरुस्तीला येतील त्या बादच करायचं ठरलं. एखाद्या तुकड्याबद्दल खात्रीने बोलायचं तर तो कापून, घासून, आम्लात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली कण पाहावे लागतात. म्हणजे रायफल चांगली निघाली तरी गेलीच!

ली-एनफिल्डची स्प्रिंगफिल्डसारखी बदनामी नाही. पण तिच्या मर्यादा ईशापूरच्या अभियंत्यांनाच चांगल्या ठाऊक होत्या. .303 काडतुसात जास्तीत जास्त दाब सुमारे 3,650 बार, तर 7.62 नाटो काडतुसात 4,150 च्या आसपास. घरातल्या कुकरची शिट्टी जेमतेम एक बार जादा दाबाला होते, त्यावरून अंदाज करा. 1962 च्या चीन युद्धानंतरच्या काळात तीच रचना नव्या काडतुसासाठी घेतली, तेव्हा ईशापूरने जुने सांगाडे वापरले नाहीत. अधिक चांगल्या पोलादाचे नवे बनवले. ‘जुनं ते भारी’ म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

बरं, पोलाद निर्दोष निघालं तरी जुळणीचा प्रश्न उरतोच. बोल्टचं तोंड आणि नळीचा मागचा काठ यांत काडतुसाची कड बसते. त्या जागेत चालणारी ढिलाई पाव मिलिमीटरच्या आतबाहेर असते. म्हणून नंतरच्या ली-एनफिल्डमध्ये बोल्टची टोकं 0 ते 3 अशा चार मापांची ठेवली, आणि बोल्टवर रायफलीचा क्रमांक कोरण्याची पद्धत होती. ट्रंकेतला बोल्ट त्याच नळीचा आहे, याची हमी काय? ढिलाई वाढली की काडतुसाची पितळी पुंगळी ताणून तुटते आणि तो सगळा वायू मागे, गालाकडे येतो. शिवाय कवायतीच्या ‘डीपी’ रायफलींचे भाग मुद्दाम भोक पाडून निकामी केलेले असतात. वेल्डिंगने ते भोक बुजवून वर काळा रंग दिला, तर नवख्याला पत्ताही लागत नाही.

आता कायदा. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच धरले जातात. जोडणं, बदलणं, दुरुस्त करणं, हे सगळं परवान्याशिवाय गुन्हा आहे. घासू नका, जोडून पाहू नका, कुणा ओळखीच्या मिस्त्रीला दाखवायलाही नेऊ नका. सापडल्याची माहिती हदगावच्या पोलीस ठाण्याला लेखी द्या, ते सांगतील तशा वस्तू जमा करा आणि पावती घ्या. दस्ता तेवढा परत मिळतो का ते विचारा. नुसतं लाकूड ठेवण्याला हरकत नसावी, पण तेही त्यांच्याकडूनच लेखी घ्या.