सोनोग्राफीला जाताना

नागपुरातलं मेडिकल रुग्णालय असो, मेयो असो की धंतोलीतलं खासगी केंद्र, सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात, फक्त ध्वनिलहरी. पोटाच्या तपासणीला सहा-आठ तास उपाशी राहायला सांगतात, कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि खडे नीट दिसत नाहीत. म्हणजे तर्री-पोहे तपासणीनंतरच! इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. ओटीपोटासाठी उलट, भरपूर पाणी पिऊन लघवी रोखायची. भरलेल्या मूत्राशयामागचं गर्भाशय स्पष्ट दिसतं. गार जेल लावतात ते त्वचेवरची हवा हटून लहरी आत जाव्यात म्हणून. गरोदर बाईचा, कायद्याने लागणारा 'एफ' फॉर्म भरला जातो. मुलगा की मुलगी, हे विचारूच नका: लिंगनिदानाला महाराष्ट्रात आधी १९८८ च्या कायद्याने बंदी आली, आता देशभर १९९४ च्या कायद्याने बंदी आहे.