‘शपथ’, ‘इट’ आणि ‘वो’ : बालमैत्रीच्या भयकथेचे रूपांतर

नारायण धारप (१९२५–२००८) यांची ‘शपथ’ ही कादंबरी स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या ‘इट’ (१९८६) या बृहत्कादंबरीवर आधारलेली आहे. त्याच कादंबरीवरून १९९८ मध्ये झी टीव्हीवर ‘वो’ ही हिंदी मालिका आली. तीत विदूषकाची भूमिका लिलिपुट यांनी केली होती. मूळ शीर्षक आणि हिंदी शीर्षक ही दोन्ही सर्वनामे होत. दोन्ही त्या अनाम दुष्ट शक्तीकडे बोट दाखवितात. मराठी शीर्षक मात्र मुलांनी परस्परांना दिलेल्या वचनाचे आहे. केवळ नामकरणातील हा भेद मूळ कृतीचे मर्म अचूक हेरतो.

डेरी नावाच्या कल्पित गावातील सात मुले १९५८ च्या उन्हाळ्यात गावाखालच्या गटारांत वसणाऱ्या त्या शक्तीशी झुंजतात आणि तळहात चिरून शपथ घेतात : ती परतलीच, तर आपणही परतू. सत्तावीस वर्षांनी ती परतते. तोवर गाव सोडून गेलेल्या सहाही जणांना त्या उन्हाळ्याचा विसर पडलेला असतो. गावातच राहिलेल्या ग्रंथपाल माइकला तेवढे स्मरण असते. किंग १९५८ व १९८५ हे दोन्ही काळ एकमेकांत गुंफतो, त्यामुळे वाचकालाही पात्रांबरोबर तुकड्यातुकड्यांनी आठवावे लागते. खरे भय विदूषकाचे नव्हे, या विस्मरणाचे आहे. विजयानंतरही मित्र एकमेकांना विसरू लागतात, आणि माइकच्या वहीतील त्यांचे पत्ते पुसट होत जातात.

पडद्याला ही गुंफण पेललेली नाही. १९९० च्या दूरचित्रवाणी-चित्रपटाने निदान पूर्वार्धात ती राखण्याचा प्रयत्न केला. अँडी मुशिएती यांनी मात्र २०१७ च्या चित्रपटात बालपण आणि २०१९ च्या चित्रपटात प्रौढपण असे सरळ दोन भाग पाडले. पहिला चित्रपट त्यामुळे सुबक झाला, यात शंका नाही. पण जे प्रेक्षकाने आधीच सलग पाहिले आहे, ते पात्रांनी विसरणे त्याला उपरे वाटते. शिवाय दुसऱ्या चित्रपटाच्या अखेरीस मित्रांच्या आठवणी शाबूत राहतात. स्टॅनलीची आत्महत्याही तेथे मित्रांसाठी केलेला त्याग ठरते. कादंबरीत तो निव्वळ भयाने मरतो. ही दिलासा देणारी दुरुस्ती मूळ शोकभाव हिरावून घेते.

भारतीय रूपांतरकारापुढे आणखी एक अडचण आहे. डेरीतील वडीलधाऱ्यांना काही दिसतच नाही : न्हाणीघर रक्ताने माखलेले असते, तरी बेव्हर्लीच्या बापाला त्यातला थेंबही दिसत नाही. आता हीच कथा जळगावच्या मेहरूण तलावाकाठी आणून ठेवावी. महाराष्ट्रात पाणवठ्यावर साती आसरांची पूजा होते, आणि पाण्यापाशी जपून राहण्याची ताकीद मुलाला आजीच देते. येथे भय वडिलांकडून मुलांकडे येते. किंगच्या गावी ते वडिलांवाचून एकट्या मुलांच्या वाट्याला येते, आणि म्हणूनच त्यांना परस्परांवाचून आधार उरत नाही. आजीला सर्व ठाऊक असेल, तर सात मुलांनी शपथ कशासाठी घ्यावी?