सव्वापाच ते साडेसहा

दुखानच्या आमच्या वसाहतीत नव्याकोऱ्या लँड क्रूझरच्या रांगेत एक जुनी जपानी सेदान उभी असते, ती माझी. उन्हाने छताचा रंग उडालाय, पण इंजिन ठणठणीत. खराब होते ते फक्त स्पीकर. दारातले मूळचे सव्वापाच इंची, कागदी कोनाच्या कडेचा फोम कुजून भुगा झालेला. इथे ऑगस्टमध्ये दुपारी दोन वाजता ज्याने गाडीचं दार उघडलंय, त्याला फोम का टिकत नाही हे सांगायला नको.

माझं त्यावाचून काही अडत नव्हतं. पण मागच्या हिवाळ्यात आई तीन महिन्यांसाठी आली. वय अठ्ठ्याहत्तर, ऐकू कमी येतं आणि कानाचं यंत्र लावायला साफ नकार. दर शुक्रवारी आम्ही दोहाला जायचो. भाजी, देवाचं सामान, मंडळाचा एखादा कार्यक्रम. सुमारे ऐंशी किलोमीटर सरळसोट रस्ता. शहानियाचे उंट पहिल्या दिवशी कौतुकाने पाहिले, नंतर तेही संपले. मग तिने गीतरामायण लावायला सांगितलं.

लावलं. गाडी एकशेवीसवर, टायरांची घरघर, एसी पूर्ण. दोन गाण्यांनंतर आई म्हणाली, "बाबूजी गातायत हे कळतंय रे, पण शब्द कुठायत?"

गीतरामायणातून शब्द वजा केले तर उरतं काय? 1955 साली पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक गाणं यायचं, अशी वर्षभरात छप्पन्न गाणी. गदिमांच्या ओळी ऐकायला लोक रेडिओभोवती बसायचे. त्यांत शाळकरी वयाची आईही होती, शेजाऱ्यांच्या ओटीवर.

तेव्हा ठरवलं, मोठे स्पीकर बसवायचे. सव्वापाचाच्या जागी साडेसहा इंची म्हणजे कोनाचं क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट. हिशेब सोपा वाटला. दोहाच्या इंडस्ट्रियल एरियात एका दुकानात गेलो. खोक्यावर तीनशे वॅट छापलेले. (मंडळी, या आकड्याला भुलू नका. गाडीतला साधा स्टिरिओ एका स्पीकरला सलग पंधरा-वीस वॅटच देतो. खोक्यावर पाहायची ती सेन्सिटिव्हिटी; ती तीन डेसिबलने जास्त असेल तर दुप्पट वॅट दिल्यासारखं होतं.) माझा करक चहा होईपर्यंत दोन्ही दारं उघडून बंदही झाली होती.

परतीच्या वाटेवर आवाज मोठा होता, पण पोकळ. तबल्याची थाप पडली की दाराचं प्लास्टिक थरथरायचं. आई जरा वेळ ऐकून म्हणाली, "आता शब्दही गेले आणि बाबूजीही गेले. नक्की कुठून गातायत ते?" खिसा हलका झालेला, त्यात हे. मी स्टिरिओ बंद केला आणि झक्रीतच्या फाट्यापर्यंत कोणी बोललं नाही.

पुढच्या आठवड्यात शेजारचे चेट्टन मदतीला आले. हे मल्याळी गृहस्थ इन्स्ट्रुमेंटेशनमधले, त्यामुळे अंदाजावर विश्वास नाही. त्यांनी स्टिरिओकडच्या वायरी सोडवल्या आणि घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर स्पीकरच्या वायरींना टेकवला. उजवा कोन टप्पकन बाहेर आला. डावा आत गेला.

म्हणजे डाव्या दाराच्या वायरी उलट जोडलेल्या. एक स्पीकर हवा ढकलतोय तेव्हा दुसरा ओढतोय; खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. शिवाय ते जुनं ध्वनिमुद्रण मोनो, दोन्हीकडून एकच आवाज. जोडणी सरळ असती तर गाणारा डॅशबोर्डच्या मधोमध उभा राहिल्यासारखा वाटला असता. उलट जोडणीत त्याला जागाच राहत नाही. कमी ऐकणाऱ्या आईने नेमकं दुखणं सांगितलं होतं, मला मात्र कळलं नव्हतं.

डावं दार उघडल्यावर आणखी काय काय निघालं! मोठा स्पीकर जुन्या भोकात बसेना म्हणून दोन स्क्रूंवर पत्र्याला टांगलेला, कडेने बोटभर फट. कोनाच्या मागचा आवाज त्या फटीतून पुढे येऊन पुढच्याला मारतो. स्पीकरला लाकडी खोकं लागतं ते याचसाठी. गाडीत ते काम दाराने करायचं असतं. चेट्टननी जाड प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डातून दोन कड्या कापल्या. एमडीएफच्या नकोत म्हणाले, काचेवरून दारात पाणी उतरतं आणि एमडीएफ फुगतं. स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली घेऊन पाहिली. मागच्या चुंबकापासून जेमतेम करंगळीएवढी सुटली. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलची पट्टी लावली. स्वस्तातली डांबराची पट्टी आपल्या उन्हाळ्यात पाघळून घसरते. दारातला फाटका प्लास्टिकचा पडदा बदलून पुन्हा चिकटवला, नाहीतर पाणी आतल्या पॅनेलवर येतं. या सगळ्यात सकाळ गेली. आई खुर्ची टाकून शेंगा सोलत देखरेख करत होती.

तरीही शब्द पूर्ण येईनात. म्हातारपणी कान आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं सोडतो, आणि स, श, च, त यांची धार तिथेच असते. आमच्या साडेसहा इंचीच्या पोटातला छोटा ट्वीटर होता गुडघ्याच्या उंचीवर. बारीक सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात, म्हणजे ते सगळे आईच्या साडीच्या निऱ्यांना ऐकू येत होते. शेवटी बोराएवढे दोन वेगळे ट्वीटर आरशाजवळच्या तिकोनी प्लास्टिकवर, तिच्या कानाच्या रोखाने बसवले. सगळ्या खटाटोपातली सर्वात स्वस्त वस्तू हीच.

पुढच्या शुक्रवारी मी सवयीने आवाज अठ्ठावीसवर ठेवला. शहानिया येईपर्यंत आई काही बोलली नाही. ओठ हलत होते. ओळ यायच्या आधीच तिची ओळ पूर्ण व्हायची. मग तिने हात पुढे केला आणि बटण स्वतःच फिरवलं, सतरावर.

"जरा हळू लावत जा रे. कान दुखतात."