दीर्घिकेचा वेग कसा कळतो?

दूरची दीर्घिका वर्षानुवर्षे न्याहाळली तरी ती जागची हललेली दिसत नाही. तिचा वेग सांगतो तो तिचा प्रकाश. हा प्रकाश वर्णपटमापकातून पसरवला, की रंगीत पट्ट्यात काळ्या रेषा दिसतात. ताऱ्यांच्या वातावरणातले अणू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात, त्याच्या या खुणा. कॅल्शियमच्या दोन ठळक रेषा प्रयोगशाळेत ३९३.४ आणि ३९६.८ नॅनोमीटरवर सापडतात. दीर्घिका जवळ येत असेल तर त्या निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. सगळ्या रेषा एकाच प्रमाणात सरकतात, म्हणून त्यांची ओळख पटते.

१९१२ साली अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानी दीर्घिकेचा वर्णपट टिपला. प्रकाश इतका मंद, की छायाचित्रणाच्या एकाच काचेवर तो तासन्‌तास साठवावा लागे. रेषा निळ्याकडे सरकल्या होत्या, त्याही जेमतेम ०.४ नॅनोमीटरने, म्हणजे हजारात एका भागाने. रेषा ज्या प्रमाणात सरकतात, तेच दीर्घिकेच्या वेगाचे प्रकाशाच्या वेगाशी प्रमाण; आणि प्रकाशाच्या वेगाचा हजारावा भाग म्हणजे सेकंदाला ३०० किलोमीटर! या वेगाने देवयानी आपल्या दिशेने येत होती.

पुढे तपासलेल्या बहुतेक दीर्घिका मात्र दूर जाताना आढळल्या. १९२९ मध्ये एडविन हबल यांनी वेग आणि अंतर यांचा मेळ घातला: अंतर दुप्पट, तर वेगही साधारण दुप्पट. फार दूरच्या दीर्घिकांची ताम्रसृती, म्हणजे रेषांचे तांबड्या बाजूला सरकणे, त्या अवकाशातून धावतात म्हणून नव्हे, तर मधले अवकाशच प्रसरण पावते म्हणून दिसते. प्रसरणशील विश्वाचा हा पहिला भक्कम पुरावा काही रेषांच्या सूक्ष्म सरकण्यातून हाती आला.